नीटनंतरची एक वेगळी वाट: पर्यावरणीय डीएनए
नीटचे गुण कमी पडले की घरात एकच चर्चा सुरू होते: आता बायोटेक्नॉलॉजी घ्यायचं का? घ्यावं, पण नेमकं कशासाठी ते आधी ठरवावं. ज्या मुलांना नदी, जंगल, प्राणी यांची मनापासून ओढ आहे, त्यांनी पर्यावरणीय डीएनए अर्थात ‘ई-डीएनए’ हे क्षेत्र जरूर पाहावं.

मासा पोहताना, बेडूक डबक्यात बसलेला असताना त्याच्या त्वचेच्या पेशी, चिकट स्राव, विष्ठा पाण्यात मिसळत असते. एक-दोन लिटर पाणी बारीक गाळणपटलातून गाळायचं, त्यावर अडकलेला डीएनए वेगळा काढायचा, पीसीआर तंत्राने त्याच्या प्रती वाढवायच्या आणि त्याचा क्रम ज्ञात प्रजातींच्या नोंदींशी ताडून बघायचा. प्राणी न पकडता, न पाहता त्याचा ठावठिकाणा लागतो. फ्रान्समधल्या तळ्यांत घुसलेला अमेरिकी बुलफ्रॉग संशोधकांनी २००८ साली पाण्यातल्या डीएनएवरूनच शोधला. इंग्लंडमध्ये ग्रेट क्रेस्टेड न्यूट या संरक्षित उभयचराच्या सर्वेक्षणासाठी ही पद्धत २०१४ पासून अधिकृतपणे मान्य आहे. बांधकामाआधी तळ्याची तपासणी करून घ्यावी लागते, त्यामुळे तिथल्या प्रयोगशाळांना आणि सल्लागार कंपन्यांना नियमित काम मिळालं.

मात्र जुळवायला नोंदच नसेल, तर यंत्र कितीही महाग असो, हाती येतो तो निनावी क्रम. सह्याद्रीच्या ओढ्यांमधल्या कितीतरी प्रजातींच्या अशा नोंदी अपुऱ्या आहेत. शिवाय प्राणी नेमके किती आहेत, पिल्लं आहेत की प्रौढ, हे पाणी सांगत नाही. म्हणून मासा हातात घेऊन ओळखणारा वर्गीकरणतज्ज्ञ इथे आजही लागतोच, आणि माझ्या मते खरी टंचाई त्याचीच आहे. नुसतं पिपेट चालवता येणारे पदवीधर भरपूर आहेत. प्रजाती ओळखता येणं, प्रयोगशाळेतली शिस्त आणि पायथॉन किंवा आर यांसारखी संगणकभाषा, हे तिन्ही ज्याच्याकडे आहे तो उठून दिसतो.

बारावीनंतर आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा देता येते. नाहीतर प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी करावी. पुढे पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेत, तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करता येते. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्थेची ‘लॅकोन्स’ प्रयोगशाळा वन्यजीवांच्या डीएनएवर काम करते.

पालकांनी पैशाचं गणितही समजून घ्यावं. आपल्याकडे हे काम अजून मुख्यतः संशोधन संस्थांत चालतं. सुरुवातीला मिळणाऱ्या प्रकल्पांतल्या नोकऱ्या मुदतीच्या असतात. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडेभत्ता मिळतो. एमएस्सीवर थांबणाऱ्याला संधी कमी. पीएचडीची तयारी हवी. झटपट पगाराची अपेक्षा असेल, तर मुलाला या वाटेवर ढकलू नका. पण तो स्वतःहून ओढ्याकाठी रमत असेल, तर या सुट्टीत त्याला एखाद्या क्षेत्रअभ्यासकासोबत नक्की पाठवा.