पेट्रोल पंपाखालचे भूजल : एका दुर्लक्षित व्यवसायाची ओळख

पेट्रोल पंपाच्या फरसबंदीखाली इंधनाच्या टाक्या पुरलेल्या असतात. या टाक्या गंजल्या, त्यांना जोडणाऱ्या नळ्यांचे सांधे सैल झाले किंवा टँकर रिकामा करताना इंधन सांडले, तर ते जमिनीत मुरत जाऊन भूजलापर्यंत पोहोचू शकते. गळती संथ असेल तर ती साठ्याच्या रोजच्या हिशेबातही चटकन लक्षात येत नाही. ती शोधणे, दूषित पाणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकत आहे हे ठरवणे आणि वर्षानुवर्षे त्याच्या नोंदी ठेवणे हा भूशास्त्र, रसायनशास्त्र व अभियांत्रिकी यांच्या सीमेवरील स्वतंत्र व्यवसाय आहे. बारावीनंतर वैद्यकीय आणि संगणक या दोनच वाटा दिसणाऱ्या घरांत त्याचा विचार सहसा होत नाही, पण ज्या विद्यार्थ्याला विज्ञानाची गोडी आहे आणि उन्हातान्हात काम करण्याची तयारी आहे, त्याच्यासाठी तो अवश्य व्हायला हवा.

या कामाचे महत्त्व साध्या गणितानेही ध्यानात येते. पेट्रोलमध्ये बेन्झीन हे कर्करोगकारक संयुग असते आणि भारतातील सध्याच्या मानकानुसार त्याचे प्रमाण आकारमानाने एक टक्क्यापर्यंत चालते, म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली बेन्झीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. त्या मर्यादेने हिशेब केला, तर एका लिटर पेट्रोलमधील बेन्झीन जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत दूषित करायला पुरते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील सांता मोनिका शहराने अशा गळतीची मोठी किंमत मोजली. पेट्रोलचे ज्वलन सुधारण्यासाठी त्यात मिसळले जाणारे एमटीबीई हे संयुग शहराच्या चार्नॉक विहीरक्षेत्रात आढळले आणि १९९६ साली तेथील विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा सुमारे निम्मा पुरवठा त्यामुळे गेला. एमटीबीई पाण्यात सहज विरघळते, मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही आणि सूक्ष्मजीवांकडून सावकाश विघटित होते, म्हणून ते बेन्झीनपेक्षा कितीतरी पुढे वाहत जाते. शुद्धीकरण यंत्रणा उभारून हे विहीरक्षेत्र पुन्हा वापरात यायला सुमारे दीड दशक लागले.

निरीक्षणाचे काम निरीक्षण विहिरींपासून सुरू होते. भूजलाची पातळी सपाट नसते, तिला उतार असतो आणि पाणी त्या उताराने सरकते. उताराची दिशा काढण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींतील पातळ्या लागतात आणि त्यासाठी प्रत्येक विहिरीच्या तोंडाची उंची मिलिमीटरपर्यंत अचूक मोजलेली असावी लागते. वरच्या अंगाची एखादी विहीर पंपाच्या आवारात शिरणाऱ्या पाण्याचा मूळ दर्जा सांगते, खालच्या अंगाच्या विहिरी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पाण्यावर तरंगते. म्हणून विहिरीतील नळीचा सच्छिद्र भाग पाण्याच्या पातळीच्या खालीवर दोन्हीकडे पसरलेला असावा लागतो. तो पूर्णपणे पाण्याखाली राहिला, तर तरंगणारा थर विहिरीत शिरतच नाही आणि गळती असूनही विहीर निर्दोष ठरते. असे चुकीचे आश्वासन देणारी विहीर मुळीच नसलेल्या विहिरीपेक्षा अधिक घातक, असेच म्हटले पाहिजे.

नमुना घेण्याची रीत बारकाईने पाहिली म्हणजे या व्यवसायाचा स्वभाव कळतो. विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकतात. तापमान, सामू, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन यांची मापे स्थिर झाली, की खडकातले ताजे पाणी येऊ लागले असे मानतात. हे पाणी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत अगदी हळू, खळखळ न होऊ देता, काठावर फुगीर पृष्ठभाग येईपर्यंत भरतात, कारण बेन्झीन हवेत चटकन उडून जाते. झाकण लावल्यावर कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारतात आणि आत बुडबुडा दिसला तर तो नमुना बाद करून दुसरा घेतात. कुपी बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जाते. तिच्यासोबत शुद्ध पाण्याची एक कोरी कुपीही संपूर्ण प्रवास करते, कारण त्या कुपीत बेन्झीन निघाले तर दोष विहिरीचा नसून वाहतुकीचा किंवा हाताळणीचा असतो. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे, किती वाजता गेला याची सहीनिशी नोंद ठेवावी लागते. ती नसेल तर न्यायालयात त्या निष्कर्षाला फारशी किंमत उरत नाही.

महाराष्ट्रात हे शास्त्र अधिक कठीण होते. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टने, म्हणजे काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. त्यात पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगा-सांध्यांत साठते, त्यामुळे दूषित पाणी वाळूतल्यासारखे सलग न पसरता भेगेच्या वाटेने जाते आणि त्या भेगेपासून जवळच असलेली निरीक्षण विहीरही कोरडी किंवा स्वच्छ राहू शकते. पावसाळ्यात पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते आणि तरंगणारे पेट्रोल त्या पट्ट्यात जागोजागी अडकून राहते. म्हणून पावसाळ्यापूर्वीची व नंतरची मापे शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण आले आहे. जमिनीतील सूक्ष्मजीव आधी इथेनॉलवर तुटून पडतात आणि त्यात ऑक्सिजन खर्ची पडतो, परिणामी बेन्झीनचे विघटन लांबते आणि त्याचा पट्टा अधिक दूर जाऊ शकतो. काळ्या पाषाणात हे कसे घडते, हा आजच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा खुला विषय आहे.

या क्षेत्रात येण्यासाठी भूशास्त्र किंवा रसायनशास्त्रात पदवी व पदव्युत्तर शिक्षण, अथवा स्थापत्य अभियांत्रिकीनंतर पर्यावरण अभियांत्रिकी, असे मार्ग आहेत. नावात ‘पर्यावरण’ असलेली पदवी पहिल्याच टप्प्यावर घेण्यापेक्षा मूळ विज्ञान पक्के करून नंतर विशेषीकरण करणे हिताचे, कारण ज्याला खडक वाचता येत नाही किंवा रासायनिक विश्लेषणातील त्रुटी ओळखता येत नाही, त्याच्या अहवालाला आधार राहत नाही. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, मुंबईचे सेंट झेवियर्स, पुणे व नागपूर विद्यापीठांचे भूशास्त्र विभाग आणि आयआयटी मुंबई येथे या विषयांची सोय आहे, आयआयटीतील एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक व रसायनतज्ज्ञ निवडले जातात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था, तेल कंपन्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि सल्लागार संस्था हे इतर मार्ग आहेत.

पालकांच्या शंका रास्त आहेत. सल्लागार संस्थांतील सुरुवातीचे वेतन संगणक क्षेत्राच्या मानाने बेताचे असते, शासकीय जागा थोड्या असतात आणि भरतीला विलंब होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केल्यामुळे तपासणी करणाऱ्यांची गरज वाढण्याची चिन्हे आहेत. बेन्झीनच्या संपर्काची भीतीही निराधार नाही. योग्य हातमोजे, हवेतील बाष्प मोजणारे उपकरण आणि वाऱ्याच्या दिशेचे भान ही रोजची शिस्त असते, आणि जी संस्था ही साधने पुरवत नाही तेथे नोकरी स्वीकारू नये. क्षेत्रकामाला मुलींना पाठवावे की नाही हा प्रश्न अनेक घरांत निघतो. विहिरीची पातळी मोजण्यात किंवा कुपी भरण्यात मुलींना अडवणारे काहीही नाही, मात्र कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह, वाहन आणि सोबतीला सहकारी आहेत का, हे मुलाखतीतच स्पष्ट विचारून घ्यावे.

प्रवेश घेताना महाविद्यालयाला वर्षातून क्षेत्रभेटीचे दिवस किती आणि विश्लेषणाची यंत्रे विद्यार्थी स्वतः हाताळतात की केवळ पाहतात, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. ज्याला आवड आजमावून पाहायची असेल, त्याने मोजपट्टी आणि वही घेऊन गावातील एखाद्या विहिरीची पाणीपातळी दर आठवड्याला, त्याच कठड्यापासून आणि शक्यतो त्याच वेळी, वर्षभर मोजावी आणि पावसाच्या नोंदींशी तिचा आलेख जुळवून पाहावा.