मनोऱ्याच्या लहरी : भीती किती, काळजी कोणती?



आपल्या धर्मग्रामातील एका वाडीवर मोबाइलचा मनोरा उभा राहिला. त्याच सुमारास तेथील एका बाईंच्या स्तनात गाठ लागली. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी ठरवूनच टाकले की, हे मनोऱ्यामुळेच. पंचायतीत अर्ज गेले, सह्या गोळा झाल्या, ज्याने जागा दिली त्याच्या घराशी बोलणे बंद झाले. यात चार महिने गेले. दवाखान्यात मात्र कोणी गेले नाही. शेवटी तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ही गाठ मनोऱ्याच्या आधीचीच असावी. लवकर आला असता तर शस्त्रक्रिया लहान झाली असती." देवाच्या कृपेने त्या बाई आज बऱ्या आहेत. त्यांच्याच परवानगीने हे लिहीत आहे. असे पुन्हा कोणाच्या घरी घडू नये, म्हणून हा पाठ.

१. लहरी म्हणजे काय?

सूर्यप्रकाश, रेडिओ, मोबाइल आणि एक्स-रे ही सर्व एकाच कुळातील, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींची, भावंडे आहेत. फरक आहे तो जोराचा. एक्स-रेच्या किरणांत एवढा जोर असतो की, ते शरीरातील पेशींच्या आतील जनुकांची मोडतोड करू शकतात. म्हणूनच एक्स-रे काढणारा माणूस पडद्याआड उभा राहतो. मोबाइलच्या लहरींत तो जोर नाही. त्या बाबतीत त्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाहूनही दुबळ्या आहेत. त्या फार मोठ्या प्रमाणात अंगावर पडल्या तर ऊब निर्माण होते, एवढा परिणाम पक्का ठाऊक आहे. सरकारी मर्यादा त्याच्या पुष्कळ खाली ठेवलेल्या असतात.

२. अंतराचा हिशेब

सणाच्या रात्री चर्चच्या अंगणात खांबावर मोठा दिवा लावतात. त्याखाली उभे राहून कोणी भाजत नाही. पण हातातली लहानशी मेणबत्ती बोटाजवळ नेली तर चटका बसतो. लहरींचेही तसेच आहे. अंतर दुप्पट झाले की जोर चौथा हिस्सा उरतो. मनोऱ्याचा झोत आडवा, दूरवर जातो. कानाला लावलेला फोन मात्र डोक्यापासून बोटभरही दूर नसतो. त्यामुळे बहुतेक माणसांच्या डोक्याला मनोऱ्यापेक्षा स्वतःच्या फोनच्याच लहरी अधिक मिळतात.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मनोरा लांब असला, फोनवर एकच रेघ दिसत असली, की फोन आपला जोर वाढवून मनोऱ्याला गाठू पाहतो. म्हणजे मनोरा गावातून हाकलला की लहरी कमी होतील, हा हिशेब दर वेळी बरोबर येत नाही.

३. शास्त्रज्ञांना काय आढळले?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना "कदाचित कर्करोगकारक" अशा गटात ठेवले. ही बातमी सर्वांनी ऐकली. पण या शब्दांचा अर्थ "शंका आहे, पुरावा अपुरा आहे" असा होतो, हे कोणी सांगितले नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. त्याच संस्थेने तंबाखू, सुपारी आणि दारू यांना मात्र "निश्चित कर्करोगकारक" गटात घातले आहे.

२०१८ साली अमेरिकेतील एका सरकारी प्रयोगात, रोज नऊ तास, सुमारे दोन वर्षे, सर्व अंगावर जोरदार लहरी सोडलेल्या नर उंदरांपैकी काहींच्या हृदयात गाठी आढळल्या. माणसाला फोनमधून एवढा मारा होत नाही. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत माणसांवरील ६३ अभ्यास तपासले गेले. फोन वापरणाऱ्यांत, दहा वर्षांहून अधिक काळ वापरणाऱ्यांतही, मेंदूचा कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. संशोधन चालूच राहील आणि राहावे. पण आज हातात असलेला पुरावा हा आहे.

४. ग्वाल्हेरचे प्रकरण

कोणी विचारेल, "फादर, मग सर्वोच्च न्यायालयाने मनोरा बंद का करविला?" ती गोष्ट खरी आहे. ग्वाल्हेरमध्ये एका घरी काम करणाऱ्या माणसाला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. शेजारच्या गच्चीवर २००२ साली बेकायदा उभारलेल्या मनोऱ्यामुळे आपल्याला हा रोग झाला, अशी त्याची तक्रार होती. २०१७ साली न्यायालयाने तो मनोरा सात दिवसांत बंद करण्यास सांगितले. हा आदेश त्या एका मनोऱ्यापुरता होता. देशातील सर्व मनोऱ्यांनी कर्करोग होतो, असे त्याने ठरत नाही. त्या गरीब माणसाचे ऐकून घेतले गेले, हे मात्र योग्यच झाले.

आपल्या देशाने सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याचा कडक नियम लावला. शंका असेल तर भांडण करू नये, मोजणी मागावी. दूरसंचार विभागाच्या "तरंग संचार" या सोयीतून मनोऱ्याची माहिती मिळते व शुल्क भरून मोजणीही मागता येते. परवानगी, पायाची मजबुती, जनरेटरचा धूर व आवाज यांविषयी पंचायतीला विचारण्याचा आपला हक्क आहेच.

५. मधमाश्यांचे काय?

मनोऱ्यामुळे मधमाश्या व चिमण्या गेल्या, असेही बोलले जाते. केंद्र सरकारने २०१० साली यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली व पुढे सावधगिरीचा सल्ला दिला. पण आपल्या हातून होणारे नुकसान आधी पाहू या. काजू, भोपळा, काकडी फुलावर असताना सकाळी औषध फवारले की माश्या मरतात. फवारणी अगदीच गरजेची असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

६. ध्यानात ठेवा

• लांबलचक बोलणे कानाला फोन लावून करू नये. स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरावा. रेघ एकच असेल तर बोलणे थोडक्यात आटोपावे.

• हृदयात पेसमेकर बसवला असेल तर फोन छातीच्या खिशात ठेवू नये. निदान वीतभर दूर ठेवावा.

• मुलांच्या उशाशी रात्री फोन ठेवू नये. लहरींपेक्षाही झोपमोड त्यांचे अधिक नुकसान करते.

• ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवताना फोन घेऊ नये. या धोक्यात "कदाचित" नाही.

• "तुमच्या शेतात मनोरा बसवू, आधी नोंदणीचे पैसे भरा" असा फोन आला तर तो ठग समजावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

• गाठ, न भरणारी जखम, तोंडातील पांढरा चट्टा दिसला की आधी डॉक्टर. कारण कोणते, याचा वाद नंतर.

बंधुभगिनींनो, मनोऱ्याकडे बोट दाखवणारा हात पुष्कळदा मशेरीने भरलेला असतो, हे मी पाहिले आहे. लांबची भीती सोपी असते. जवळची सवय सोडणे कठीण. आणि खात्री नसताना शेजाऱ्यावर ठपका ठेवणे हे आठव्या आज्ञेच्या विरुद्ध आहे. त्या वाडीवरची दोन घरे अजून बोलत नाहीत. या पाठातून त्यांचे बोलणे सुरू झाले, तर मी देवाचे आभार मानीन.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात रात्री फोन कोठे ठेवले जातात?

२. घरातील कोणते दुखणे आपण डॉक्टरांना दाखवायचे टाळत आहोत?

३. ऐकीव गोष्टीवरून आपण कोणाशी बोलणे टाकले आहे का?