दूरच्या संगणकाचा ‘बंद’ आदेश : चुकीच्या हाताला आवर

कार्यालयातील संगणक हाताळण्यासाठी कार्यालयातच बसले पाहिजे, अशी स्थिती आता राहिलेली नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सोयीने जिल्ह्याच्या ठिकाणचा संगणक तालुक्याहून किंवा घरूनही चालविता येतो. पडदा आपल्या समोर असतो. यंत्र, त्यातील नोंदी आणि त्या नोंदींवर विसंबलेली माणसे मात्र दूर असतात. दूर बसून संगणक बंद करता येतो, परंतु बंद झालेला संगणक दूर बसून सहसा सुरू करता येत नाही. या सोयीतील सारा धोका एवढ्यातच आहे.

प्रस्तुत लेखकाला हा धडा २०२१ च्या पावसाळ्यात मिळाला. शनिवारची रात्र होती. घरून कार्यालयाच्या संगणकावर एक टिपण पूर्ण केले आणि सवयीने ‘शट डाउन’वर कळ दाबली. बंद करावयाचा होता घरचा संगणक. बंद झाला तो कार्यालयाचा. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचे गोषवारे त्याच संगणकात ठेवले होते व तालुक्याचे कर्मचारी त्या वेळी ते भरीत होते. काही मिनिटांतच दूरध्वनी सुरू झाले. किल्ली ज्यांच्याकडे असते ते नाईक अकरा किलोमीटरवरील गावी राहात. भर पावसात मोटारसायकलवरून येऊन त्यांनी दार उघडले आणि यंत्राचे बटण दाबले. माझ्या एका बोटाची चूक त्यांच्या दोन तासांवर गेली, ही खंत अजून आहे.

चूक हाताची खरी. पण तिला मांडणीचाही हातभार लागतो. दूरचा पडदा पूर्ण आकारात उघडला की दोन्ही संगणक एकसारखेच दिसतात. विंडोज ११ मध्ये अशा वेळी पॉवरच्या यादीत ‘डिस्कनेक्ट’, ‘शट डाउन’ आणि ‘रिस्टार्ट’ हे आदेश शेजारी शेजारी येतात. डिस्कनेक्टने केवळ आपला संबंध तुटतो, चालू कामे तशीच राहतात. साइन आउटने आपली उघडी कामे बंद होतात, यंत्र चालू राहते. शट डाउनने मात्र सर्वांचेच काम थांबते.

अशा अपघाताला इंग्रजी संगणकव्यवहारात एक गमतीदार नाव जोडले गेले आहे. आयबीएम ४३४१ या मोठ्या संगणकाचे मुख्य बटण एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या लहान मुलीने एकाच दिवसात दोनदा दाबले, म्हणून त्यावर पारदर्शक झाकण बसविण्यात आले, अशी कथा सांगतात. तेव्हापासून अशा झाकणाला ‘मॉली-गार्ड’ म्हणतात. लिनक्सच्या डेबियन प्रणालीत याच नावाची एक आज्ञावली आहे. दूरच्या जोडणीतून बंद करण्याचा आदेश आला, की ती आधी त्या संगणकाचे नाव टंकित करावयास लावते. नाव चुकले तर आदेश रद्द होतो.

विंडोजमध्ये असे झाकण आपणच बसवावयाचे असते. प्रोफेशनल आवृत्तीत स्थानिक ग्रुप पॉलिसीचा संपादक असतो. होम आवृत्तीत तो नाही. पण त्या आवृत्तीचा संगणक रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्याला हाताळू देताच येत नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्नही उद्भवत नाही. संपादकात यूझर कॉन्फिगरेशन, त्याखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स व पुढे ‘स्टार्ट मेनू अँड टास्कबार’ येथे जावे. शट डाउन, रिस्टार्ट, स्लीप व हायबरनेट हे आदेश काढून टाकणारे धोरण तेथे सापडेल. ते ‘एनेबल्ड’ करावे. हे सर्व दूरच्या, म्हणजे कार्यालयातील यंत्रावर करावयाचे आहे, घरच्या नव्हे. एवढे केल्यावर यादीतून चारही आदेश नाहीसे होतात आणि डिस्कनेक्टऐवजी चुकून शट डाउनवर बोट पडण्याचा प्रसंग राहात नाही.

हे झाकण आहे, कुलूप नव्हे. आज्ञापटलावर ‘शटडाउन’ ही आज्ञा लिहून यंत्र बंद करण्यास हे धोरण आडवे येत नाही. माझ्या मते ही उणीव नसून सोय आहे. अद्ययावतीकरणानंतर यंत्र पुन्हा सुरू करणे कधीतरी भागच पडते. त्या वेळी जाणकाराने आज्ञा विचारपूर्वक लिहावी. तिला साठ सेकंदांचा अवधी जोडता येतो आणि त्या अवधीत ‘शटडाउन स्लॅश ए’ अशी आज्ञा दिल्यास आधीची मागे घेतली जाते. यापुढे जाऊन कुलूपच हवे असेल, तर सुरक्षा धोरणातील ‘यूझर राइट्स असाइनमेंट’मध्ये यंत्र बंद करण्याचा आणि दूरवरून ते बंद करावयास लावण्याचा, असे दोन वेगळे अधिकार आहेत. साध्या संगणकावर यांपैकी पहिला अधिकार मुळातच सर्व वापरकर्त्यांना दिलेला असतो. सर्व्हरवर तसा नसतो. ती यादी जबाबदार व्यक्तींपुरती आखडून घ्यावी.

झोपी गेलेले यंत्रही दूरच्या माणसाला बंद यंत्रासारखेच होय. म्हणून विद्युत-व्यवस्थेच्या पर्यायांत आपोआप झोपण्याची वेळ ‘नेव्हर’ अशी ठेवावी. ‘वेक ऑन लॅन’ ही जाळ्यातून यंत्र जागे करण्याची सोय आहे. त्यासाठी १०२ बाइटांचा एक विशिष्ट संदेश पाठवावा लागतो. पण तो सामान्यतः त्याच कार्यालयाच्या जाळ्यातून यावा लागतो, म्हणजे तेथे दुसरे एखादे यंत्र जागे असले पाहिजे. यंत्राच्या मूळ मांडणीत ही सोय आधीच चालू केलेली नसेल, तर आयत्या वेळी तिचा उपयोग नाही.

धोरण बदलल्यावर एकदा साइन आउट करून पुन्हा प्रवेश करावा आणि यादी तपासावी. ही पहिली तपासणी कामाच्या दिवशी, यंत्राशेजारी कोणीतरी बसलेले असतानाच करावी.