निसरपूरहून मांडवगड : एका दिवसाच्या सहलीची आखणी

सहल ठरली की डब्यात काय न्यावयाचे याचा विचार सर्वांत आधी होतो आणि वेळेचा विचार सर्वांत शेवटी. निघताना उत्साह, वाटेत गाणी आणि परतताना हळहळ, असा पुष्कळ सहलींचा क्रम असतो. ‘अमुक पाहावयाचे राहूनच गेले’ हे वाक्य परतीच्या वाटेवर ज्याने कधी उच्चारले नाही असा विद्यार्थी विरळाच. आम्हीही ते उच्चारले आहे. मात्र आमच्या बाबतीत जे राहून गेले ते आमचे नव्हते, आमच्या आजीचे होते. म्हणूनच एका फसलेल्या आणि एका साधलेल्या सहलीची हकीगत, दोहोंतील हिशेबासह, आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

आमचे आजोळ निसरपूर. मध्यप्रदेशातील धार जिल्ह्यात, कुक्षी तहसिलीत, नर्मदेच्या उत्तर तीरानजीक हे गाव आहे. पूर्वी हा मुलूख धारच्या पवारांच्या संस्थानात मोडत असे. त्यामुळे या बाजूस मराठी बोलणारी घरे अधूनमधून आढळतात. कोकणातील मुले सुटीत समुद्रकाठी खेळतात. आमचा समुद्र म्हणजे नर्मदा. आणि आता ती खरोखरच समुद्रासारखी दिसते. गुजरातेतील सरदार सरोवर धरणाची पायाभरणी १९६१ साली झाली, पाणीवाटपाचा निवाडा १९७९ साली लागला, आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस भरला. धरणामागे दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब पाणी पसरले. त्या पाण्याने दूरदूरची शेते भिजली, गावोगावी नळ आले. आणि त्याच पाण्यात जुन्या निसरपूरची घरे, बाजार आणि गल्ल्या बुडाल्या. आजी आता उंचावरील नव्या वसाहतीत राहते. जुन्या घराची जागा ती बोटाने दाखविते. तेथे आम्हांस केवळ पाणी दिसते.

पहिली सहल कशी फसली

मांडवगडास जावयाचे हे आजीच्या मनात फार दिवसांपासून होते. राणी रूपमती नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून अन्न घेत नसे, अशी दंतकथा या बाजूस घरोघरी सांगतात. गडाच्या दक्षिण कड्यावरील तिच्या मंडपातून नर्मदा दिसते, हे आजीने लहानपणापासून ऐकले होते. एरवी दर पौर्णिमेस ती कोटेश्वरी स्नानास जात असे; पण त्या जुन्या वाटेवर पाणी आले, गुडघेही थकले. “आता एकदा वरून तरी बघेन,” असे ती म्हणाली, आणि मामांनी भाड्याची मोटार ठरविली.

आखणी आम्ही भावंडांनी केली. नकाशावर पट्टी ठेवली. निसरपूर ते मांडवगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर भरले. ताशी ४० किलोमीटरांचा वेग धरला आणि पावणेदोन तासांत पोचू असे जाहीर केले. वेळ पुष्कळ उरतो असे पाहून बाग येथील लेणीही त्याच दिवसात घातली. ही लेणी पाहण्याजोगी आहेत, यात शंका नाही. बाघिणी नदीच्या काठच्या खडकात बौद्ध भिक्षूंसाठी ती खोदली गेली. मूळच्या नऊ लेण्यांपैकी पाचच आज बऱ्या स्थितीत आहेत, आणि तेथील भित्तिचित्रे अजिंठ्याच्या चित्रांशी नाते सांगतात. १९२१ साली नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांनी येथे येऊन त्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. परंतु लेणी कुक्षीच्या उत्तरेस आणि मांडवगड पूर्वेस, ही गोष्ट नकाशा समोर असूनही आम्ही मनावर घेतली नाही.

निघावयास आठ वाजले. लेणी पाहून कुक्षीस परत येईतो दुपारचे बारा झाले. मनावरास जेवणे झाली. घाट चढून मांडवगडास पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. समोर जहाज महाल दिसताच आम्ही मुले धावत सुटलो. आजी झाडाखाली बसून राहिली. तेथून निघून रूपमतीच्या मंडपाशी गेलो तो सूर्य मावळला होता आणि पहारेकरी दार लावीत होता. स्मारके सूर्यास्तानंतर बंद होतात. त्याचे काहीच चुकले नव्हते. आजी म्हणाली, “असू द्या रे, नर्मदा कुठे जाते?” परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी बोलले नाही.

चुकांचा हिशेब

त्या रात्री घरी आम्ही कागद घेऊन बसलो. आमच्या चुका चार प्रकारच्या होत्या.

पहिली चूक अंतराची. पट्टीने मोजलेले अंतर हे पक्ष्याचे अंतर होय. निमाडचा सखल प्रदेश आणि माळव्याचे पठार यांच्यामध्ये विंध्याद्रीची भिंत उभी आहे. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर, तर मांडवगड सहाशे मीटरांहूनही उंच. म्हणजे साडेचारशे मीटरांहून अधिक चढ चढावयाचा असतो. चढाचा रस्ता सरळ जात नाही; तो वळणे घेत जातो. रस्त्याने मोजता अंतर सरळ रेषेच्या दीडपटीहून अधिक भरते, आणि घाटात वेग निम्म्यावर येतो. अंतर किलोमीटरांत मोजावे, पण सहल तासांत मोजावी. थांब्यांसह जाण्यास साडेतीन तास धरले पाहिजेत, असे या हिशेबातून निघाले.

दुसरी चूक उजेडाची. दिवाळीच्या सुटीत या भागात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो व पावणेसहाच्या सुमारास मावळतो. एका दिवसाची सहल चोवीस तासांची नसून अवघ्या अकरा-सव्वाअकरा तासांच्या उजेडाची असते. त्यांतून घाट उतरण्याचा वेळ उजेडातच गेला पाहिजे.

तिसरी चूक निवडीची. एका दिवसात एकच ठिकाण, हा नियम आम्ही मोडला. लेणी, मांडवगड आणि धार या तीन सहली आहेत. धार हे भोजराजाचे नगर. तेथील किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. तेही पाहावे असे कोणाही मराठी माणसास वाटेल. पण त्याच दिवशी वाटू नये.

चौथी चूक क्रमाची, आणि तीच सर्वांत मोठी. ज्या गोष्टीसाठी निघालो होतो तीच आम्ही शेवटी ठेविली. उशीर झाला की शेवटचे ते गळते, हे ठरलेले असते. म्हणून मुख्य हेतू कधीही दिवसाच्या टोकास ठेवू नये.

दुसरी आखणी

पुढील वर्षी त्याच सुटीत आम्ही पुन्हा निघालो. या वेळी आखणी कागदावर होती व ती मामांनी तपासली होती. ती अशी :

सकाळी ६ वाजता निसरपूरहून प्रयाण. कुक्षी व मनावर या वाटेने ९-३० पर्यंत गडावर.

९-३० ते ११-१५ : जहाज महाल, हिंदोळा महाल व भोवतालचा राजवाड्यांचा समूह.

११-३० ते २ : रेवा कुंड, बाज बहादुराचा महाल, रूपमतीचा मंडप, तेथेच सावलीत भोजन.

२-३० ते ४ : गावाच्या मध्यभागी जामी मशीद व होशंगशाहाची कबर.

४ वाजता परत; घाट उजेडात उतरणे; साडेसातपर्यंत घर.

रूपमतीचा मंडप सर्वांत आधी का नाही, असे कोणी विचारील. याचे कारण हवेत आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी दरीत धुके साचते; ऊन तापल्यावाचून ते विरत नाही. पहाटे धावत जाऊन नदी दिसली नसती. दिवसाच्या आरंभी धुके आणि अखेरीस काळोख. मधली वेळ तेवढी आमची होती.

शिवाय मामांनी कागदावर एक ओळ स्वतः लिहिली : ‘मंडपावर अर्धा तास रिकामा.’ आम्ही विचारले, “मामा, रिकाम्या वेळात करायचे काय?” ते म्हणाले, “तुम्ही काही करायचे नाही.”

गडावर

जाण्यापूर्वी आम्ही थोडा इतिहास वाचून ठेविला होता. त्यामुळे दगड बोलके झाले. माळव्याच्या सुलतानांची राजधानी प्रथम धार येथे होती. होशंगशाहाने (१४०६ ते १४३५) ती मांडवगडास आणली. जामी मशीद १४५४ साली पुरी झाली. होशंगशाहाची कबर संगमरवरी आहे; १६५९ साली शाहजहानच्या पदरच्या शिल्पज्ञांनी तिला भेट दिल्याचा लेख तिच्या दाराशी कोरला आहे. जहाज महाल शंभर मीटरांहून अधिक लांब असून मुंज व कपूर या दोन तलावांच्या मध्ये उभा आहे. दोन्ही बाजूंस पाणी असता तो नांगरलेल्या गलबतासारखा भासतो. १५६१ साली अकबराच्या सैन्याने बाज बहादुराचा पराभव केला. १६१७ साली जहांगीर येथे येऊन राहिला, तेव्हा इंग्रजांचा वकील सर टॉमस रो त्याच्यासमवेत होता. १७२८ साली अमझेरा येथे चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदाराचा पराभव केला आणि माळव्यात मराठ्यांचा अंमल बसू लागला. पवारांची राजधानी धार झाली, आणि मांडवगड हळूहळू ओस पडला.

आमचे लक्ष विशेषतः पाण्याच्या व्यवस्थेकडे गेले. या पठारावर बारमाही नदी नाही. म्हणून गच्चीवर पडलेला पाऊस पन्हळींतून कुंडांत व तलावांत साठवीत. जहाज महालाच्या गच्चीवरील एक पन्हळ गोगलगाईच्या शंखासारखी वळणे घेत जाते. वळणांवर पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि पुढे निवळ पाणी जाते. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात निवळण्याची क्रिया आम्ही वाचली होती. ती पाचशे वर्षांपूर्वी दगडात बांधलेली येथे पाहावयास मिळाली. गावातील जाड बुंध्याची ‘खुरासानी चिंच’ पाहण्यासही विसरू नये. हे झाड मूळचे आफ्रिकेतील.

साडेबाराच्या सुमारास आम्ही मंडपापाशी आलो. आजीस पायऱ्या चढण्यास वेळ लागला. प्रत्येक वळणावर ती थांबली. घाई करण्याचे कारण नव्हते, कारण तो वेळ कागदावर धरलेला होता. वर पोचल्यावर दरीतील धुके विरलेले दिसले. खाली निमाडची शेते, आणि त्यांच्या पलीकडे दक्षिणेस एक बारीक रुपेरी रेघ.

“हीच का रे?” आजीने विचारले.

“हीच, आजी. हेच पाणी पुढे आपल्याकडे येते.”

तिने हात जोडले. मग ती खांबाला टेकून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. आम्हीही काही केले नाही. नंतर तिने आपण होऊन बोलावयास सुरुवात केली : बाजाराच्या तोंडाशी कोणाचे दुकान होते, गल्लीत डाव्या हातास पहिले घर कोणाचे, विहीर कोठे, पोळ्याचे बैल कोठून निघत. ती घरामागून घर सांगत गेली. आमच्यापैकी एकाने आखणीचा कागद उलटा करून त्यावर ते लिहून घेण्यास आरंभ केला. अर्ध्या तासात सतरा घरे झाली. मग तिने दशम्यांचे गाठोडे सोडले व म्हणाली, “उरलेली घरी गेल्यावर.”

या सहलीपासून काय शिकावे

पाचशे वर्षांपूर्वीच्या मांडवगडाचे राजे, साल आणि शिलालेख आम्ही पुस्तकातून वाचून गेलो होतो. परंतु काही वर्षांपूर्वीपर्यंत नांदत असलेल्या निसरपूरच्या एका गल्लीची माहिती आमच्या घरातच होती, आणि ती आम्ही कधी विचारली नव्हती. मांडवगड ओस पडले तरी त्याचे दगड उभे राहिले. म्हणून त्याचा इतिहास लिहिता आला. जे गाव पाण्याखाली गेले, त्याचे दगड कोणास दिसावयाचे नाहीत. त्याचा इतिहास माणसांच्या स्मरणात आहे तोवरच आहे. ऐतिहासिक स्थळ दूरच असते असे नाही. कित्येकदा ते आपल्याशेजारी मोटारीत बसलेले असते.

घरी आल्यावर आजीच्या सांगण्यावरून आम्ही गल्लीचा नकाशा काढला. वसाहतीतील वडीलधाऱ्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या. दोन घरांच्या जागांवरून वादही झाला. तो कागद आता मामांच्या घरी भिंतीवर आहे, आणि त्यावरील घरांची संख्या अजून वाढतेच आहे.

विद्यार्थिमित्रांनी आपली पुढील सहल आखताना पुढील गोष्टी करून पाहाव्यात. नकाशावरील सरळ अंतर आणि रस्त्याचे अंतर दोन्ही काढून त्यांचे गुणोत्तर मांडावे. चढ किती मीटरांचा आहे ते पाहावे. दर हजार मीटरांस सुमारे साडेसहा अंश या मानाने वर किती गारवा असेल ते काढावे व तसे कपडे घ्यावेत. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा टिपाव्यात. बरोबर येणाऱ्या प्रत्येकास ‘तुला काय पाहावयाचे आहे?’ असे विचारावे, आणि ज्याला पुन्हा येणे कठीण आहे त्याचे उत्तर दिवसाच्या मध्यावर ठेवावे. शेवटी, कागदावर अर्धा तास रिकामा सोडावा. तो कशासाठी, हे आधी ठरवू नये.