त्वचेवरील गाठी आणि त्यांवरील शस्त्रक्रिया

मानेवर अथवा पापणीवर चामखीळ आला म्हणजे आपल्याकडील खेड्यापाड्यांतून आठवण होते ती दवाखान्याची नव्हे, तर घोड्याच्या केसाची. तो केस चामखिळाच्या मुळाशी आवळून बांधावयाचा आणि चामखीळ वाळून गळून पडण्याची वाट पाहावयाची, हा उपाय आजीने नातवाला सांगत यावा असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. कोणी चुना व सोडा कालवून लावतात, तर कोणी बिब्ब्याचे तेल लावतात. बिब्बा उतला म्हणजे काय होते, हे आपल्या भागातील वाचकांस सांगावयास नकोच.

या उपायांत मुळीच तथ्य नाही असे नव्हे. केस आवळल्याने रक्तपुरवठा तुटतो, चुन्याने कातडी जळते; दोन्हींचा हेतू नको असलेला भाग नाहीसा करणे हाच असतो. परंतु यांत तीन मोठ्या उणिवा आहेत. किती खोल जावयाचे याला माप नसते. जखम स्वच्छ राहत नाही. आणि जे काढून टाकले ते वस्तुतः काय होते, हे कधीच कळत नाही. या तिसऱ्या उणिवेपायी प्रसंगी प्राणही गमवावे लागतात. ते कसे, हे समजण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ या गाठी कोणत्या रीतीने काढतात ते प्रथम पाहू.

त्वचेची रचना

त्वचेचे मुख्यतः तीन थर मानतात. सर्वांत वरचे बाह्यत्वचेचे पटल बहुतेक ठिकाणी कागदाइतकेच जाड असते. तळहात व तळपाय येथे मात्र ते बरेच जाड असते. त्याखाली अंतस्त्वचा असते. तीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी व केसांची मुळे असतात. तिच्याही खाली चरबीचा थर असतो. बाह्यत्वचेस झालेली इजा बहुधा व्रण न ठेवता भरून येते. अंतस्त्वचा खोलवर कापली गेली तर व्रण राहतोच. म्हणून गाठ किती खोल आहे हे ओळखून मगच साधन निवडावयाचे, हा या शास्त्रातील पहिला नियम होय.

सुश्रुतसंहितेत अशा व्याधींसाठी शस्त्र, क्षार व अग्नी असे तीन उपाय वर्णिले आहेत. आजच्या पद्धतीही स्थूलमानाने याच तीन वर्गांत बसतात. त्यांत हिम व प्रकाश या दोहोंची भर पडली आहे, इतकेच.

शस्त्र

प्रथम त्या जागी बधिर करणारे इंजेक्शन देतात. त्यासाठी वापरले जाणारे लिडोकेन हे औषध स्वीडनमध्ये 1943 साली तयार झाले. काही मिनिटांत ती जागा बधिर होते. रोगी जागाच असतो, बोलतही असतो.

गाठ वर उचललेली व उथळ असेल, तर पाते कातडीला समांतर धरून ती तासून काढतात. टाके घालावे लागत नाहीत. देठ असलेला चामखीळ कात्रीने छाटतात. शंका असेल तेथे काही मिलिमीटर व्यासाच्या, धारदार कडेच्या पोकळ नळीने त्वचेचा गोल तुकडा सर्व थरांसह काढून तपासणीस पाठवितात.

गाठ खोल असेल तर ती समूळ कापून काढावी लागते. येथे एक गंमत आहे. गाठ गोल असली तरी छेद गोल घेत नाहीत. दोन्ही टोकांस निमुळता, होडीच्या आकाराचा घेतात व त्याची लांबी रुंदीच्या सुमारे तिप्पट ठेवतात. गोल भोक शिवले तर दोन्ही टोकांना कातडीचा फुगवटा उरतो. पोत्याचे गोल भोक शिवणाऱ्यास हे ठाऊक असते. छेदाची दिशाही मनास येईल तशी नसते. व्हिएन्ना येथील शरीरशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी मृत शरीराच्या त्वचेत गोल टोच्याने छिद्रे पाडली, तेव्हा ती गोल न राहता लांबट झाली. त्वचेवरील ताणाच्या रेषा त्यांनी 1861 साली अशा प्रकारे दाखवून दिल्या. या रेषांना अनुसरून छेद घेतला तर व्रण बारीक राहतो. कातडीखालील पिशवीसारखी गाठ असेल, तर ती पिशवी सबंध निघाली पाहिजे. तिचा अंश राहिला तर गाठ पुन्हा भरते.

क्षार, अग्नी व हिम

क्षाराच्या जागी आज मोजून लावलेली तीव्र अम्ले आली आहेत. अग्नीची जागा विजेने घेतली आहे. अमेरिकेतील विल्यम बोव्ही यांनी तयार केलेले विद्युत्‌यंत्र हार्वे कुशिंग या शल्यविशारदांनी 1926 साली शस्त्रक्रियेत वापरले, आणि तेव्हापासून विजेने कापणे व रक्त थांबविणे सर्वत्र रूढ झाले. लहान चामखीळ यंत्राच्या टोकाच्या स्पर्शाने क्षणात वाळतात. काही वेळा चमच्यासारख्या धारदार हत्याराने गाठ खरवडून तिचा तळ विजेने जाळतात.

हिमाचा उपाय याच्या उलट आहे. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान उणे 196 अंश सेल्सिअस असते. तो फवारला म्हणजे पेशींत बर्फाचे स्फटिक होतात व पेशी फुटतात. काही तासांत फोड येतो, पुढे खपली धरते आणि ती गळते. मात्र त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक असतात. त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत त्या जागी पांढुरका डाग राहण्याचा संभव असतो. तज्ज्ञ हे आधीच सांगतात.

प्रकाशाचे शस्त्र

कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर किरण निर्माण करणारे यंत्र कुमार पटेल यांनी 1964 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढले. हे शास्त्रज्ञ बारामतीस 1938 साली जन्मले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, ही गोष्ट आपणांस अभिमान वाटावी अशीच आहे. या किरणांना पाणी मोठ्या प्रमाणावर शोषून घेते, आणि पेशीत बहुतांश पाणीच असते. त्यामुळे किरण पडताच तिची वाफ होऊन जाते. मात्र वाफ झालेली गाठ तपासता येत नाही. म्हणून निदानाविषयी शंका असेल तेथे हे शस्त्र उगारावयाचे नसते.

धोतराचा कर्करोग

काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली का पाहावयाचा, याचे एक उदाहरण आपल्याच वेषभूषेशी निगडित आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी 1945 साली एक निबंध प्रसिद्ध करून, लोकांच्या चालीरीतींमुळे होणारे कर्करोगाचे काही प्रकार वर्णिले. त्यांत धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरील कर्करोग होता. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळले, की घर्षण व घाम यांमुळे तेथील कातडी प्रथम काळवंडते अथवा पांढरी पडते, जाड होते, पुढे तेथे न भरणारी जखम होते, आणि क्वचित त्या जखमेचे रूपांतर कर्करोगात होते. साडी नेसणाऱ्या स्त्रियांना परकराच्या घट्ट नाडीमुळे होणारा असाच रोगही पुढे नोंदला गेला. काश्मिरात अंगाशी शेगडी धरणाऱ्यांच्या पोटावर होणारा कर्करोगही प्रसिद्ध आहे.

आता विचार करा. अशी जखम साधी समजून कोणी तीवर चुना किंवा बिब्बा लावीत बसला, तर अमोल काळ वाया जाईल. तीच वेळेवर ओळखली, तर सभोवतीच्या थोड्या निरोगी कातडीसह ती कापून काढता येते, व जागा मोठी असल्यास मांडीची पातळ कातडी तेथे बसविता येते. अमेरिकेत फ्रेडरिक मोस यांनी 1930 च्या दशकात याहूनही काटेकोर पद्धत काढली. गाठ पातळ थरांनी काढावयाची, प्रत्येक थराची संपूर्ण कड लगेच तपासावयाची, आणि जेथे रोग शिल्लक दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा कापावयाचे. नाक, पापणी, ओठ अशा जागी निरोगी कातडी वाचविण्यास ही पद्धत फार उपयोगी पडते.

नाकावरून गाठ काढल्यावर पडलेली पोकळी भरण्याची एक रीत तर पुण्याहूनच जगास कळली. 1792 च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत लंडनच्या एका मासिकात 1794 साली चित्रासह छापली गेली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदांनी 1814 साली ती शस्त्रक्रिया तेथे केली. कपाळाची कातडी वळविण्याची ही रीत आजही वापरतात.

काय करावे?

प्रत्येक तीळ वा मस काढलाच पाहिजे असे नाही. बहुतेक जन्मभर निरुपद्रवी राहतात. परंतु एखादा वाढू लागला, त्याचा रंग अथवा कड बदलली, त्यातून रक्त आले, तळपायावर नवा काळा डाग उमटला, किंवा एखादी जखम महिनाभरात भरली नाही, तर तज्ज्ञांस दाखवावे. याउलट, फिकट वा तांबूस व बधिर चट्टा असेल, तर तो कापावयाचा वा जाळावयाचा मुळीच नसतो. तो कुष्ठरोग असू शकतो. तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात.

बिदर व कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी आता वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कलबुर्गीचे महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय तर 1963 पासून चालू आहे. तेथवर जाण्यास एक दिवस मोडेल, हे खरे. पण आजोबांच्या कमरेवरची जुनी जखम किंवा आईच्या पायावरचा नवा डाग प्रथम दिसतो तो घरातील मुलांनाच. आजीचा घोड्याचा केस आदराने बाजूस ठेवून, “एकदा दाखवून तरी येऊ,” असे म्हणणे हे शिकलेल्या मुलांचे काम आहे.