पंचविसाव्या हिश्श्याची मोटार

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर काड्यापेटीचे छाप एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. मोटारींच्या प्रतिकृती बनवणारा कोणी भेटला तर लोक विचारतात, "या वयात खेळणी?" पण किटमधून बनवलेली प्रतिकृती आणि दुकानातली खेळण्यातली मोटार यांत मोठा फरक आहे. खेळणे तयार मिळते. किटच्या खोक्यातून मात्र प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभराच्या आगेमागे सुटे भाग निघतात. इंजिन, चासी, आसने, बंपर, काचा आणि सोबत जुळणीचा एक कागद. बाकी सारे आपल्यावर सोपवलेले असते.

प्रस्तुत लेखात जुन्या अमेरिकन मोटारींच्या अशा किटांची माहिती द्यावयाची आहे. पण ती देताना एक अडचणही सांगावयाची आहे. खोक्यातून जी मोटार निघते ती अमेरिकेतल्या रस्त्यावरची असते. आपल्या आजोबांच्या पिढीने जी चालवली ती तीच मोटार असूनही निराळी होती.

प्रमाण म्हणजे काय?

प्रथम प्रमाणाचा विचार करू. अमेरिकन मोटारींची बहुतेक किटे १/२५ किंवा १/२४ या प्रमाणात असतात. १/२४ चा हिशेब सोपा आहे. खऱ्या मोटारीच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच. १/२५ चा हिशेबही कठीण नाही. १९५१ सालच्या शेव्हरोले मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ११५ इंच होते. त्याला पंचविसाने भागले की ४.६ इंच, म्हणजे पावणेबारा सेंटिमीटरांच्या आसपास. साडेपाच फूट उंचीचा ड्रायव्हर या मोटारीशेजारी उभा केला तर तो पावणेसात सेंटिमीटरांचाही भरणार नाही.

वजनाचा हिशेब मात्र फसवा आहे. लांबी पंचविसाव्या हिश्श्याने घटते, पण रुंदी आणि उंचीही तशीच घटत असल्यामुळे आकारमान २५ × २५ × २५, म्हणजे १५,६२५ पटींनी कमी होते. सुमारे १,४०० किलो वजनाची खरी मोटार त्याच मालमसाल्यातून या प्रमाणात घडवली असती तर ती अवघी ९० ग्रॅम भरली असती.

हे गणित केवळ मौजेसाठी नाही. प्रतिकृतीत दाराच्या फटीशी एक मिलिमीटरची चूक झाली, तर खऱ्या मोटारीत ती पंचवीस मिलिमीटरांची, म्हणजे एक इंचाची फट होते. एवढी फट असलेली मोटार कोणता मालक ताब्यात घेईल? रंगाचा थर जाड बसला की बॉनेटवरची अक्षरे बुजतात. डोळ्याला प्रमाण लगेच कळते. काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे पाहणाऱ्याला जाणवते.

किटांचा जन्म

या किटांचा इतिहास वाणिज्याच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावा असा आहे. एएमटी ही कंपनी १९४८ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ निघाली. ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ या नावाची ती आद्याक्षरे. पहिली प्रतिकृती ॲल्युमिनियमची होती म्हणून हे नाव पडले. लवकरच प्लास्टिक आले, नाव मात्र तसेच राहिले. या छोट्या मोटारी मुलांसाठी नव्हत्या. नवे मॉडेल बाजारात आले की ते गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी, त्याच्या मुलाच्या हाती देण्यासाठी, मोटार विकणारे डीलर त्या घेत. म्हणजे हे जाहिरातीचे साधन होते.

साचा बनवणे हा फार मोठा खर्च. एकदा साचा झाला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगाचा खर्च अगदी थोडा. मग त्याच साच्यातून जुळणीचे किटही का विकू नये? १९५८ सालापासून एएमटीने दरवर्षीच्या नव्या मोटारींची ‘थ्री इन वन’ किटे विकण्यास सुरुवात केली. एकाच खोक्यातून मूळ मोटार, हौसेने सजवलेली मोटार किंवा शर्यतीची मोटार, यांपैकी कोणतीही एक बनवता येई. स्थिर खर्च जास्त नगांवर कसा पसरावा याचा हा उत्तम नमुना आहे.

याच हिशेबातून आपल्या अडचणीचेही उत्तर मिळते. साच्याचा खर्च भरून निघायचा तर किट हजारोंनी खपले पाहिजे. अमेरिकन तरुणाला दोन दारांची, झोकदार, डावीकडे स्टिअरिंग असलेली मोटार हवी. म्हणून किटे तीच निघतात. चार दारांची, उजवीकडे स्टिअरिंग असलेली, मुंबईत जुळवलेली मोटार कोणी साच्यात ओतत नाही, कारण तिला पुरेसे गिऱ्हाईक नाही.

आपल्याकडे खरी मोटारही खोक्यातून आली

ही गोष्ट समजल्यावर मला मोठी गंमत वाटली. आपल्या देशात अमेरिकन मोटारी बऱ्याच काळ किटांच्याच रूपाने येत होत्या! जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग खोक्यांतून बोटीने येत आणि येथील कामगार त्यांची शेव्हरोले उभी करीत. पुढे वालचंद हिराचंद या मूळच्या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ला येथे डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या मोटारींची जुळणी होऊ लागली. या तीन नावांच्या मोटारींत पुढची जाळी, नावाची अक्षरे आणि सजावट यांचाच काय तो मुख्य फरक असे.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने अशी शिफारस केली, की ज्यांना येथे भाग तयार करावयाचे नाहीत, नुसती जुळणीच करावयाची आहे, त्यांनी आपला व्यवसाय आवरता घ्यावा. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचे काम बंद केले. त्यामुळे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आलेल्या शेव्हरोले मोटारी आपल्या लोकांनी पुढे कितीतरी वर्षे दुरुस्त करकरून वापरल्या.

अशाच एका १९५१च्या शेव्हरोलेवर, १९६०च्या दशकात, माझ्या एका वर्गमित्राचे आजोबा हैदराबादेत एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. मित्र आपल्या अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. घरी सर्वजण त्यांना अज्जा म्हणतात, म्हणून मीही अज्जाच म्हणतो. ती मोटार केव्हाच भंगारात गेली. आता अज्जांकडे तिचा एकच फोटो उरला आहे. एएमटीने १९५१च्या शेव्हरोलेचे किट काढले आहे असे कळताच आम्ही दोघांनी पैसे जमवून ते मागवले आणि अज्जांची मोटार बनवायचे ठरवले.

जुळणीपूर्वीची तयारी

पहिले काम भाग धुण्याचे. साच्यातून सुटावे म्हणून लावलेल्या पदार्थाचा तेलकट अंश प्लास्टिकवर राहतो. त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात साबण घालून सारे भाग धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. भाग चौकटीपासून हाताने मोडू नयेत. कटरने किंवा नखे कापण्याच्या कात्रीने कापून कानशीने बूड घासावे. फटी पुट्टीने, म्हणजे रंगारी ज्याला लांबी म्हणतात तिने, भराव्यात आणि ओल्या पॉलिश पेपरने घासाव्यात.

रंग नेहमी प्रायमरवर द्यावा. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ हात बरे. पावसाळी, दमट दिवशी स्प्रेने लॅकर मारल्यास रंगावर दुधासारखी पांढरट झाक येते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हा अनुभव हमखास येतो. तेव्हा ते महिने इंजिन आणि आसने यांच्या कामात घालवावेत व बॉडी उघडिपीच्या दिवशी रंगवावी.

काचांना झटपट चिकटणारा गोंद कधीही लावू नये. त्याच्या वाफेने काच कायमची धुरकट होते. पांढरा फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो. तोच वापरावा.

बारकावे

आता खरे काम. बंपर चकचकीत मिळतात, पण दारांवरच्या आणि काचांभोवतीच्या पट्ट्या बॉडीच्याच रंगाच्या राहतात. चॉकलेटचा पातळ चंदेरी कागद गुळगुळीत करून, पातळ गोंदाने बसवून, नव्या ब्लेडने कडा कापल्या की क्रोमची पट्टी तयार होते. स्वयंपाकघरातली फॉइल मात्र जाड पडते. ती या प्रमाणाला शोभत नाही.

इंजिन सहा सिलिंडरांचे. वितरकापासून सहा प्लगांना सहा तारा आणि कॉइलला एक, अशा सात तारा हव्यात. टेलिफोनच्या केबलमधली बारीक तार चालते. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. तारा त्या क्रमाने लावाव्यात. बॉनेट मिटल्यावर हे कोणाला दिसणार, असे वाटेल. पण ते आपल्याला ठाऊक असते.

एरियलसाठी चौकटीची रिकामी काडी मेणबत्तीवर धरून मऊ झाली की हळूच ताणावी. केसासारखा धागा निघतो. क्रोमवर ऊन कसे पडते, जुन्या रंगाची झळाळी कशी मंदावते, हे पाहायला चौमहल्ला पॅलेसमध्ये जावे. तेथे निजामांच्या मोटारींत १९१२ची पिवळी रोल्स-रॉइस आहेच, पण ब्युइकही आहे. जुन्या मासिकांतील मोटारींच्या जाहिराती आबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात शोधाव्यात.

डाव्याचे उजवे

सर्वांत अवघड काम स्टिअरिंगचे. डॅशबोर्डचे तुकडे करवतीने कापून वेगमापक उजवीकडे आणि सामानाचा खण डावीकडे बसवावा लागतो. सांधे लांबीने भरावे लागतात. स्टिअरिंगच्या दांड्याचे डावे भोक बुजवून उजवीकडे नवे पाडावे लागते. या मोटारीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावरच असतो. अमेरिकेत तो दांड्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मोटारीच्या मध्याकडे असतो. आपल्याकडे तो डाव्या बाजूला आला पाहिजे.

हे सारे आम्ही आरशात पाहिल्यासारखे उलटे केले, आणि तिथेच फसलो. प्रतिकृती घेऊन आम्ही अज्जांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, आत डोकावले, डावा पाय जमिनीवर किंचित दाबला आणि म्हणाले, "अरे बाळांनो, क्लच कुठे नेला?"

आम्ही पेडलेही उलटी केली होती! स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे, क्लच डाव्या पायाखाली, ब्रेक मध्ये आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाखालीच असतो. मोटारीची बाजू बदलते, माणसाचे पाय बदलत नाहीत. ही गोष्ट खोक्यातल्या कागदावर नव्हती. ती अज्जांच्या पायाला ठाऊक होती.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "आणि शेठजी मागच्या दाराने उतरायचे. तुमच्या गाडीला मागचे दारच नाही. ते काय काचेतून उतरणार?" आम्ही सारे हसलो. पण प्रश्न खरा होता. दोन दारांच्या बॉडीला चार दारे करायची तर दारांच्या रेषा नव्याने कोरणे, मधला खांब उभा करणे, छपराची ठेवण बदलणे हे सारे आले. पहिल्याच प्रतिकृतीत हे करू जाल तर छप्पर बिघडून सारी मेहनत वाया जाईल, असा माझा नवशिक्यांना सल्ला आहे. आम्ही फक्त पेडले बदलली. दारे दोनच राहिली.

उपसंहार

किटातून आपल्याला जे मिळते ते विकले जाणारे असते. आपल्या गावात, आपल्या माणसांनी ती मोटार कशी वापरली, हे किटात नसते. ते विचारून घ्यावे लागते, आणि सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. म्हणून माझी विनंती आहे, की ज्यांच्या घरी ड्रायव्हर, मिस्त्री किंवा क्लीनर म्हणून काम केलेले आजोबा असतील, त्यांनी किट उघडण्याआधी वही उघडावी. गिअर कुठे होता, हॉर्न कसा वाजे, चढावर काय करावे लागे, हे लिहून घ्यावे.

घसाऱ्याच्या धड्यात आपण दोन पद्धती शिकतो. सरळ रेषेच्या पद्धतीने ठराविक वर्षांनी मालमत्तेची किंमत शून्यावर आणता येते. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने ती दरवर्षी कमी होते, पण पूर्ण शून्य कधीच होत नाही. व्यापाऱ्याने ती शेव्हरोले पहिल्या पद्धतीने खात्यातून काढून टाकली असेल. अज्जांनी दुसरी पद्धत धरलेली दिसते. प्रतिकृती आता त्यांच्या खिडकीत, त्या फोटोशेजारी आहे. चार दारांच्या मोटारीसाठी आम्ही पुन्हा पैसे जमवू लागलो आहोत.