रानांतील छायाचित्रणासाठीं लांब भिंगाची निवड

आमचे विद्यार्थी आम्हांस वरचेवर एक प्रश्न विचारतात, आणि अलीकडे त्यांचे पालकहि तोच प्रश्न घेऊन येतात. घरांत एक साधा डिजिटल कॅमेरा आहे. शहापूर-मुरबाडच्या रानांतील पशुपक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याची मुलास हौस आहे. परंतु नव्या स्वयंचलित दूरवेधी भिंगाची किंमत ऐकून छाती दडपते. तर मग जुन्या बाजारांत मिळणारें, हातानें फोकस करावयाचें लांब भिंग घ्यावें काय? आणि घ्यावयाचें तर कोणतें? ज्यास थोडें गणित व प्रकाशाचा पाठ येतो, त्यास या प्रश्नाचें उत्तर स्वतःच काढतां येतें. तो पाठ येथें सोप्या रीतीनें मांडण्याचें योजिलें आहे.

आरंभीं आमची स्वतःची एक चूक सांगणें इष्ट वाटतें. मुरबाड तालुक्यांतील एका वाडीच्या कडेस जुन्या आंब्याच्या ढोलींत पिंगळ्याचें घरटें होतें. आम्हांजवळ तेव्हां १३५ मिलिमीटरचें लहान भिंग होतें. वीस मीटरांवरून पक्षी चौकटींत वाटाण्याएवढा दिसूं लागला, म्हणून आम्ही हळूहळू पुढें सरकत नऊ-दहा मीटरांपर्यंत गेलों. छायाचित्र चांगलें मिळालें. परंतु चोंचींत किडा धरून आलेला पक्षी आम्हांस पाहून दूरच्या फांदीवर जाऊन बसला, तो अंधार पडेपर्यंत ढोलीकडे फिरकला नाहीं. आंत पिलें ओरडत होतीं. मागें उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनीं हें सारें पाहिलें. आणि शिक्षकानें सांगितलेल्या गोष्टींपेक्षां त्यानें केलेली गोष्ट मुलें अधिक दिवस ध्यानांत ठेवतात. तें छायाचित्र आम्हीं कोठेंहि लाविलें नाहीं.

तो पिंगळा साधा, गांवोगांव आढळणारा होता. परंतु शहापूर तालुक्यांत त्याचाच एक दुर्मिळ भाऊबंद राहतो, त्याचें नांव रानपिंगळा. शास्त्रज्ञांनीं या पक्ष्याचें वर्णन १८७३ सालीं केलें. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षें त्याचा खात्रीचा ठावठिकाणा लागला नाहीं, आणि तो नष्ट झाला असें पुष्कळांनीं मानिलें. १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळच्या रानांत तो पुन्हां सांपडला, आणि २०१४ सालीं आपल्या तानसा अभयारण्यांत तो असल्याची नोंद झाली. आजहि त्याची गणना जगांतील संकटग्रस्त पक्ष्यांत होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते फार थोडे व पुसट, आणि त्याची छाती बहुतेक सलग तपकिरी असते. एवढा भेद स्पष्ट दाखवील असें छायाचित्र हा खरा पुरावा होय. पण असा पक्षी जर आमच्या पावलांमुळें ढोल सोडून गेला, तर त्या पुराव्याचें मोल काय? म्हणून लांब भिंगाचा पहिला हेतु पक्षी मोठा दिसावा हा नसून, आपण दूर राहावें हा आहे. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोंवतीं आहे.

भिंगाच्या अंगावर ‘३०० मि.मी.’ असा जो आंकडा कोरलेला असतो तें त्याचें नाभीय अंतर. दुकानदार त्यास फोकल लेंग्थ म्हणतात. दूरच्या वस्तूची प्रतिमा किती मोठी पडेल तें काढण्याचा नियम असा: वस्तूच्या उंचीस नाभीय अंतरानें गुणावें व वस्तूच्या अंतरानें भागावें. रानपिंगळा सुमारें २३० मि.मी. लांबीचा, आपण २० मीटर, म्हणजे २०,००० मि.मी. दूर, भिंग ३०० मि.मी.चें. उत्तर येतें सुमारें साडेतीन मि.मी. पुष्कळशा साध्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारें २४ मि.मी. रुंद व १६ मि.मी. उंच असतो. म्हणजे पक्षी चौकटीच्या उंचीचा पांचवा हिस्सा किंवा किंचित् अधिक व्यापतो. हें थोडकें वाटेल. परंतु २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत चौकटीच्या उंचींत सुमारें ४,००० बिंदु असतात, त्यांतील साडेआठशेंच्या आसपास पक्ष्याच्या वांट्यास येतात. डोक्यावरचे ठिपके व छातीचा रंग पाहण्यास तेवढे पुरेसे आहेत.

आतां हेंच गणित उलट करून पाहा. तेवढीच प्रतिमा १३५ मि.मी.च्या भिंगानें हवी असेल, तर २० मीटर सोडून ९ मीटरांवर जावें लागतें. आमच्या चुकीचें कारण या एका ओळींत आहे. ५०० मि.मी.चें भिंग असल्यास ३३ मीटरांवरून काम भागतें.

मग ५०० मि.मी.चेंच भिंग कां घेऊं नये, असें विद्यार्थी विचारतील. त्याचें उत्तर आपल्या रानांतच आहे. तानसाचें रान मुख्यतः सागाचें. पावसाळ्यांत सागाचीं सुपाएवढालीं पानें वर छत धरतात, आणि भर दुपारींहि खालीं संध्याकाळचा उजेड असतो. फाल्गुन-चैत्रांत पानें झडलीं कीं रान मोकळें होतें. तथापि पक्ष्यांच्या खऱ्या वेळा सकाळ-संध्याकाळच्या, तेव्हां उजेड मंदच. शिवाय झाडी अशी कीं तीस मीटरांवरचा पक्षी बहुधा दहा फांद्यांच्या आड असतो. म्हणून आपल्या रानांत लांबीइतकेंच महत्त्व प्रकाशास आहे.

भिंग किती प्रकाश घेतें तें ‘एफ’ या अंकावरून कळतें. नाभीय अंतरास भिंगाच्या छिद्राच्या व्यासानें भागलें असतां हा अंक येतो. म्हणून अंक लहान तितका प्रकाश अधिक. एफ ८ पेक्षां एफ ४ चें भिंग चौपट प्रकाश घेतें, कारण व्यास दुप्पट झाला कीं क्षेत्रफळ चौपट होतें. एफ ४ वर जेथें सेकंदाचा पांचशेंवा भाग पुरतो, तेथें एफ ८ वर सव्वाशेंवा भाग लागतो. आणि तितक्या वेळांत पक्ष्यानें मान वळविली कीं चित्र पुसट होतें.

जुन्या बाजारांत ५०० मि.मी., एफ ८ चें आरशाचें भिंग पुष्कळ दिसतें. तें आंखूड, हलकें व स्वस्त असल्यानें मुलांचें मन त्यावर जातें. परंतु त्याचें छिद्र कमीअधिक करतां येत नाहीं. आणि मध्यें आरसा असल्यामुळें मागच्या पानांतून झिरपणारा उजेडाचा प्रत्येक ठिपका चित्रांत बांगडीसारखा उमटतो. उघड्या माळावर किंवा जलाशयाच्या काठीं तें चालेल. दाट रानांत नव्हे. उलट पक्षीं ३०० मि.मी., एफ २.८ चें भिंग प्रकाशाच्या दृष्टीनें उत्तम. परंतु त्याचें वजन दोन किलोंहून अधिक, आणि किंमतहि तशीच. ३०० मि.मी., एफ ४ किंवा एफ ४.५ चें भिंग साधारणतः एक-दीड किलोचें असतें, चढणीवरहि नेतां येतें, व पालकांच्या आंवाक्यांत येऊं शकतें. आमची शिफारस त्याचीच आहे. ४०० मि.मी., एफ ५.६ चें चांगल्या स्थितींत मिळाल्यास तेंहि त्याज्य नाहीं.

स्वयंचलित फोकस नसणें ही उणीव आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. उडत्या पक्ष्यास हातानें गांठणें कठीण. परंतु झाडींत यंत्रहि फसतें. पुढची काटकी त्यास आधीं दिसते व मागचा पक्षी धूसर राहतो. हातास मात्र आपल्याला काय हवें तें ठाऊक असतें. ३०० मि.मी., एफ ४ वर २० मीटरांवर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारें ७० सेंटिमीटर खोल असतो. १० मीटरांवर तोच १८ सेंटिमीटर उरतो. म्हणजे दूर राहिल्यानें पक्षी निश्चिंत राहतो, आणि आपली चूकहि झांकली जाते. फोकस नेहमीं डोळ्यावर साधावा. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत चित्र मोठें करून पाहण्याची व स्पष्ट कडा रंगवून दाखविण्याची सोय असते. तिचा अवश्य उपयोग करावा.

भिंग आपल्या कॅमेऱ्यास बसेल कीं नाहीं, हें न पाहतां पैसे देऊं नयेत. प्रत्येक पद्धतीचें भिंग सेन्सरपासून ठराविक अंतरावरच बसावें लागतें. निकॉनच्या जुन्या एफ माउंटांत हें अंतर ४६.५ मि.मी., ४२ मि.मी.च्या पेचाच्या भिंगांत सुमारें ४५.५, कॅननच्या एफडी भिंगांत ४२. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत तें फार कमी, उदाहरणार्थ सोनीच्या ई माउंटांत १८ मि.मी. असतें, म्हणून मध्यें एक पोकळ कडें घालून वरील सर्व भिंगें त्यावर बसतात. उलट ४२ मि.मी.चें एफडी भिंग ४४ मि.मी.च्या कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यावर केवळ कड्यानें बसविल्यास दूरची वस्तु स्पष्ट होतच नाहीं. पुष्कळांचे पैसे या दोन मिलिमीटरांत बुडतात.

सोव्हिएत देशांत १९६५ पासून ‘फोटोस्नायपर’ नांवाचा एक संच निघाला. त्यांत ३०० मि.मी., एफ ४.५ चें तैर भिंग बंदुकीसारख्या दस्त्यावर बसविलेलें असे. भिंग चांगलें, परंतु तो दस्ता खांद्यास लावून रानांत हिंडणें शहाणपणाचें नव्हे. दुरून पाहणाऱ्या वनरक्षकास तो कॅमेरा आहे हें कसें कळावें?

खरेदीच्या वेळीं पुढील परीक्षा क्रमानें करावी. पहिली, भिंगांतून विजेरीचा झोत सोडून आंत पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसल्यास ती बुरशी होय. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत हा रोग सर्वांत अधिक, व तो कांचेस कायमचा डाग पाडतो. चार धुळीचे कण मात्र क्षम्य आहेत. दुसरी, छिद्राच्या पात्यांवर तेल नसावें व तीं चटकन् मिटावींत. तिसरी, फोकसचें कडें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या जोरानें फिरावें. मध्येंच अडलें किंवा सैल झालें तर तें भिंग सोडून द्यावें. चौथी, तिपाईवर बसविण्याची पट्टी भिंगासच असावी. पांचवी, उजळ आकाशापुढील काळ्या फांदीचें एक चित्र घ्यावें. कांच निळा व तांबडा किरण सारखा वांकवीत नाहीं, हें लोलकाच्या प्रयोगांत आपण पाहिलेंच आहे. त्यामुळें फांदीच्या कडेस जांभळी किनार उमटते. ‘ईडी’ अशी खूण असलेल्या विशेष कांचेच्या भिंगांत ती कमी असते. भीमाशंकरच्या रानांत उंच शेंड्यावर बसलेला शेकरू टिपूं पाहणाऱ्यास ही परीक्षा विशेष उपयोगी पडेल.

भिंग घरीं आल्यावर रानांत धांवूं नये. एक महिना शाळेच्या कुंपणावरचे कावळे व साळुंक्या यांवर हात बसवावा. पैसे उरल्यास दुसरें भिंग न घेतां भक्कम तिपाई घ्यावी. पावसाळ्यांत भिंग कातडी पिशवींत न ठेवतां, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीनेंच जावें. घरट्याजवळ थांबूं नये, पक्ष्यास बोलावण्यासाठीं ध्वनिमुद्रित आवाज वाजवूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें पक्ष्यांच्या घरट्यांस उपद्रव देणें हा अपराध आहे. परंतु कायदा नसता तरीहि ढोलींत ओरडणारीं तीं पिलें आम्हांस पुरेशीं होतीं.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, मुलास भिंग घेऊन देतांना त्याबरोबर वीस मीटरांची एक दोरीहि द्यावी. मैदानावर ती पसरून तें अंतर किती असतें हें त्याच्या डोळ्यांत एकदां बसूं द्यावें. पुढें रानांत पक्ष्यानें मान ताठ करून आपणांकडे पाहिलें, तर अंतर वीस मीटरांचें असो वा तिसांचें, एक पाऊल मागें घ्यावें. आणि तरीहि तो अस्वस्थ राहिला, तर चित्राची आशा सोडून घरीं परतावें.